लटारू टेलरचे दात

माझ्या चंद्रपूरच्या घराची पुढची खोली १९८३ च्या उन्हाळ्यापासून नागपूरच्या डॉ. शेंडे यांच्याकडे होती. ते रविवाराआड सकाळच्या गाडीने येत आणि वेडेवाकडे, पुढे आलेले दात सरळ करण्याचे काम करत. आत खुर्ची एकच, त्यामुळे बाकीची मंडळी माझ्या व्हरांड्यात बसत. धानोऱ्याकडची, जिवतीकडची, कुठलीकुठली माणसे असत. डॉक्टरांना विचारायचे ते आधी मला विचारून पाहत. तार लावल्यावर दुखते का, चांगले दात उपटावे लागतात का, पोरीच्या लग्नाच्या आधी सगळे निघेल ना. मी मला ठाऊक असेल तेवढे सांगत असे आणि उरलेल्यासाठी आत बोट दाखवत असे.

लटारू तिथेच भेटला. मूल शहराच्या पुढे, सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचे गाव. घराच्या ओसरीवर शिलाई मशीन, बाहेर ‘लटारू टेलर’ अशी पाटी. वय छत्तीसच्या आसपास. त्याचे वरचे पुढचे चार दात इतके बाहेर होते की ओठ त्यांच्यावर पुरत नसत, आणि दातांमध्ये फटी होत्या. गप्प बसला तरी हसल्यासारखा दिसे. पण त्याची खरी ओळख टेलर म्हणून नव्हती. आमच्या झाडीपट्टीत धान निघाले की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागते. त्यांच्या गावच्या नाट्य मंडळात लटारू विनोदी काम करी, आणि आजूबाजूच्या पन्नास गावांत लोक त्याला त्या कामासाठी ओळखत. नाटक कोणतेही असो, त्याची एक जागा ठरलेली होती. तो रंगमंचावर आला की प्रेक्षकांतून कोणीतरी मंडईतला ऊस पुढे करी. लटारू तो घेऊन, भाषण चालू ठेवून, पुढच्या दातांनी सरसर सोलून काढी. साली मालकाचे काम करणाऱ्याच्या अंगावर पडत आणि लोक वन्समोअर देत. मंडळाच्या हँडबिलावर नायकाच्या आधी त्याचा दातांसकट चेहरा छापलेला असे.

१९८४ च्या जूनमध्ये तो बायको आशाबाई आणि मुलगी चंदा यांना घेऊन आला तो स्वतःसाठी नाही. चंदा सातवीत गेली होती. दात बापाचेच. ती तोंडावर हात धरूनच व्हरांड्यात बसली आणि मी पाणी दिले तेव्हासुद्धा हात तसाच ठेवून एका कोपऱ्यातून प्याली. आशाबाईने मला सांगितले, “शाळेत तोंडच नाई उघडत, बाई. मास्तर म्हणते पोरगी हुशार हाये, पण विचारलं तं खाली पाह्यते.”

खोलीचे दार उघडे असे, त्यामुळे आतले सगळे ऐकू येई. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, वय अगदी योग्य आहे. हाड अजून वाढते आहे तोवर ते लवकर ऐकते. लहानपणी अंगठा चोखायची का? चोखायची. बाकी घराण्यातून आले आहे, ते समोरच दिसते आहे. फटी आहेत म्हणून एकही दात काढावा लागणार नाही, तारेची प्लेट लावली की हळूहळू मागे येतील. असे बाहेर आलेले दात पडल्यावर आधी तुटतात, म्हणून दिसण्यापुरता हा प्रश्न नाही.

लटारू खूश झाला. “मंग लावा, साहेब.”

“मी नाई लावत,” चंदा म्हणाली.

“काऊन वं?”

“तुमचे दात असेच हायेत. तुम्हाले लोकं टाळ्या देतेत. मंग मलेच तार काऊन?”

“अवं, मी तं नाटकात...”

“शाळेत मले तेच म्हणतेत. लटारूची बारकी आली म्हणतेत. बाकावर ऊस ठेवतेत अन् सोल म्हणतेत.”

आशाबाई व्हरांड्यात माझ्याजवळ बसली होती, तिने पदर तोंडाला लावला. ऊस ठेवतात हे तिलाही तेव्हाच कळले. मग आतून लटारूचा आवाज आला, “साहेब, मोठ्या माणसाले लावता येते का हे?”

“बसा खुर्चीत,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी त्याचे दात हलवून पाहिले, हिरड्या दाबून पाहिल्या. “खर्रा खाता?”

“थोडासा.”

“थोडासा!” आशाबाई इथून म्हणाली. “दिवसभर गाल फुगलेला राह्यते.”

डॉक्टरांनी सांगितले, वयाची अडचण नाही. दात हाडात रुतलेला असतो. त्याला सतत हलका दाब दिला की एका बाजूचे हाड जागा देते आणि दुसऱ्या बाजूला नवे भरते. हे मोठ्या माणसातही होते, फक्त सावकाश. पण हिरड्या निरोगी हव्यात. तो तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद करा, मी दात साफ करून देतो, एक-दोन महिन्यांनी हिरड्या धरल्या तर लावू.

लटारूने ते आपल्या धंद्यात बसवून घेतले. बाहेर येऊन मला म्हणाला, “पोरीचं कापड नवं हाये बाई, मांडलं तसं बेतते. माह्यं जुनं. आधी उसवा लागीन.” आणि चंदाला म्हणाला, “तू लाव, मी पण लावतो. तू काढशीन तं मी काढीन.”

“अन् तुम्ही काढलं तं?”

“मी काहाले काढू?”

त्याने खर्रा खरेच सोडला. ऑगस्टच्या अखेरीस दोघांचीही मापे घेतली गेली. तोंडात मापाचा लगदा भरल्यावर लटारूला उमाळे आले आणि चंदा पहिल्यांदा माझ्या घरात हसली, हातामागे का होईना. प्लेटी तयार होऊन आल्या. टाळूला बसणारा गुलाबी तुकडा, आणि त्यातून निघून दातांपुढून जाणारी तार. जेवताना आणि दात घासताना काढायची, एरवी दिवसरात्र ठेवायची. पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतील, लाळ सुटेल, बोबडे बोलाल. मोठ्याने वाचा म्हणजे जीभ वळेल. लटारू मशीन मारता मारता जुन्या नाटकांची भाषणे म्हणे आणि चंदा भूगोल. आशाबाई म्हणाली, “घरात दोन पोपट पाळल्यासारखं झालं, एकाचंही समजत नाई.”

पुढच्या खेपेला दोन्ही प्लेटी बसेनात. डॉक्टर उलटसुलट करून पाहत होते. वाकड्या झाल्या होत्या. शेवटी आशाबाईने सांगितले की ती रोज रात्री दोन्ही प्लेटी पाच मिनिटे उकळत्या पाण्यात टाकते. साथीच्या दिवसांत नर्सबाईने पाणी उकळायला शिकवले होते, तेव्हापासून त्या घरात सगळेच उकळत. “दूध उकळतो, पाणी उकळतो, मले काय मालूम हे गरम पाण्यानं वाकते!” डॉक्टर नव्या प्लेटी करून घेऊन आले आणि साध्या थंड पाण्याने धुवायला सांगितले. त्यानंतर मी व्हरांड्यात प्रत्येकाला हे आधी सांगू लागले.

दिवाळीपर्यंत फरक दिसू लागला. चंदाचा जास्त, बापाचा कमी, पण त्याच्याही फटी बारीक झाल्या होत्या. आणि दिवाळीनंतरच्या रविवारी मंडळाचे व्यवस्थापक गुणवंतराव स्वतः चंद्रपूरला आले. धोतर, कोट, हातात मंडळाची पिशवी. लटारू मागे अपराध्यासारखा उभा. गुणवंतरावांनी मला जय भीम केला आणि सरळ आत गेले.

“डॉक्टरसाहेब, तुम्ही काय करून राह्यले? हे दात याचे एकट्याचे नाईत, मंडळाचे हायेत. हँडबिलं छापून आले. तालमी सुरू झाल्या अन् हा ‘शरकार’ म्हणून राह्यला!”

“जीभ वळेल अजून,” डॉक्टर म्हणाले.

“फाल्गुनापर्यंत थांबवता नाई येत? मंग लावा ना खुशाल, खालून-वरून लावा.”

“मध्येच सोडलं तर दात परत जातात. नवीन जागा अजून पक्की झालेली नाही. अगदीच अडलं तर प्रवेशापुरती काढा, जेवताना काढता तशी. आणि ऊस दातांनी सोलायचा नाही. दात सध्या हलते आहेत.”

गुणवंतरावांनी लटारूकडे पाहिले. “ऊस नाई?”

लटारूने आधी डॉक्टरांकडे पाहून होकाराची मान हलवली आणि मग गुणवंतरावांकडे पाहूनही हलवली.

डिसेंबरात मंडया सुरू झाल्या आणि बापलेक येईनासे झाले. जानेवारीत एका रविवारी आशाबाई एकटी आली. तिने स्टीलची डबी माझ्यासमोर उघडली. आत दोन्ही प्लेटी.

झाले होते ते असे. लटारू आधी तालमीपुरती प्लेट काढू लागला. नाटके सुरू झाल्यावर रात्रभर ती मंडळाच्या पेटीत राही. पहाटे मंडळी बैलबंडीने परतत, तो दिवसभर झोपे, संध्याकाळी दुसऱ्या गावी. एक दिवस घालायला गेला तर प्लेट घट्ट. जोर केला तर दुखले. दुसऱ्या दिवशी त्याहून घट्ट. मग त्याने ती पेटीतच ठेवली आणि घरी लेकीला कळू नये म्हणून तिच्याशी तोंडावर हात धरून बोलू लागला. डॉक्टरांनी सांगितलेले खरे होते, ऊस सोलताना दुखत होते, तरी सोलत होता.

“तिनं ओळखलं,” आशाबाई म्हणाली. “भांडली नाई, रडली नाई. आपली प्लेट काढली अन् याच्या मशीनवर ठेवली. म्हणाली, ठरलं होतं ना. आठ दिवस झाले. मी रागावली, तं म्हणते बाबाले सांग.”

“मग सांगितलंस का?”

“सांगितलं. तो म्हणते, एवढी मंडई होऊ दे. मंग याची प्लेट मीच पेटीतून काढून आणली.”

डॉक्टर बाहेर आले, चंदाची प्लेट उजेडात धरून पाहिली. “या वयात दात लवकर मागे येतात, तसे लवकर पुढेही जातात. या आठवड्यात घातली तर अजून बसेल. महिना गेला तर ऑगस्टपासून केलेलं सगळं पुन्हा. आणि मुलगी पुन्हा तोंड उघडेल का, ते तुम्हीच पाहा. मी तिच्या तोंडात जबरदस्तीने काही घालू शकत नाही.”

आशाबाई डबी आणि डॉक्टरांचा निरोप घेऊन घरी गेली. गुरुवारी, रविवार नसताना, लटारू आला. डॉक्टर नागपूरला असतात हे त्याला ठाऊक होते, तरी आला. खाली पायरीवर बसला. मी चहा दिला.

“बाई, खरं सांगा. एका माणसानं एवढ्या लोकांचं मन मोडावं का? पंचक्रोशी ऊस घेऊन बसते. गुणवंतराव तोंड पाह्यणार नाईत. नाटकात नाई राह्यलो तं मी कोण? एक टेलर.”

“चंदाला तोंड दाखवायची पंचाईत झाली आहे, त्याचं काय?” मी म्हटले.

“तेच तं,” तो म्हणाला. चहा संपवला आणि उठला. “डॉक्टरसाहेब नागपुरात कुठी बसतेत?”

मी पत्ता दिला. त्याच दिवशी तो तसाच गाडीत बसून नागपूरला गेला. प्लेट त्याने खिशात आणली होती, डॉक्टरांनी तार सैल करून ती कशीबशी बसवून दिली. दोन दिवसांनी त्याच्या स्वतःच्या गावची मंडई होती.

त्या नाटकाची हकीकत मला डॉक्टरांच्या पुढच्या रविवारी तिघांनी मिळून सांगितली, एकमेकांचे तोडून. चंदा शाळेतल्या मुलींबरोबर अगदी पुढे बसली होती. बापाशी ती तेव्हा बोलत नव्हती. लटारूचा प्रवेश आला आणि नेहमीप्रमाणे खालून ऊस आला. लटारूने तो घेतला आणि माइकखाली येऊन तोंड उघडून दाखवले. दिव्यात तार चमकली.

“मी म्हणलं, मालक,” लटारू सांगू लागला, “डॉक्टरनं तोंडाले तारेचं कुंपण केलं. आता उसात जनावर शिरत नाई.”

“लोक हसले?” मी विचारले.

“थोडेसे हसले.”

“समोरचे हसले,” चंदा म्हणाली. “मागचे सोल, सोल म्हणून ओरडत होते. एक जण म्हणे, पैसे वापस करा.”

“अन् गुणवंतराव विंगेतून अस्सं करून राह्यले होते,” आशाबाईने दोन बोटे तोंडात घालून प्लेट उपटल्याचा अभिनय केला. “काढ, काढ! मले तं वाटलं याले आता स्टेजवरून खाली ओढतेत.”

“काढली नाई,” लटारू म्हणाला. “ऊस त्या मालकाच्या हाती दिला अन् भाषण म्हटलं. पण बाई, स म्हटलं की शिट्टी वाजे. पुढचा सगळा प्रवेश वाया गेला. खरंच पडलो मी.”

“पडले,” चंदाने दुजोरा दिला. “लोकं उठून चहा प्यायले गेले.”

“लाज वाटली असेल तुला,” मी तिला म्हटले.

तिने विचार केला. “वाटली,” ती म्हणाली. “माह्या बाजूची सुमन हसली. मी तिले म्हटलं, माह्ये बाबा हायेत, तुह्यं काय जाते?”

सकाळी लटारू झोपलेला असताना तिने आईने मशीनच्या खणात ठेवलेली आपली प्लेट काढली, थंड पाण्याने धुतली आणि घातली. घट्ट झाली होती. दिवसभर दुखले, पण ती कोणाला बोलली नाही. संध्याकाळी जेवताना तिने ती काढून ताटाशेजारी ठेवली तेव्हा घरच्यांना कळले.

डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवले. “दुखतं?”

“दुखते.”

“आणखी आठवडाभर दुखेल.”

“माहीत हाये,” ती म्हणाली आणि हात बाजूला घेऊन तोंड उघडले.

त्यानंतर दोघांनीही एकही रविवार चुकवला नाही.

नाटकाचे मात्र लटारूला भोगावे लागले. गुणवंतरावांनी उरलेल्या मंडयांसाठी ते काम लहानू नावाच्या तरुणाला दिले. त्याचे दात चांगले एकसारखे होते, म्हणून त्याला भोपळ्याच्या कवटीचे दात कोरून लावले. पहिल्याच प्रवेशात ते दात उसात अडकून बाहेर आले. लोक लटारूला कधी हसले नव्हते इतके हसले, आणि गुणवंतरावांनी पुढे रोज मुद्दाम तसेच करायला लावले. लटारू मंडळाचे कपडे शिवत राहिला. विंगेत बसून लहानूच्या अंगरख्याचे बटण लावताना त्याला काय वाटत होते, ते त्याने मला सांगितले नाही. एवढेच म्हणाला, “पोट्टा टायमिंग चुकवते.”

पुढच्या हिवाळ्यात, ८५ च्या अखेरीस, त्याला नवरीच्या बापाचे काम मिळाले. तोवर प्लेट घालूनही त्याचे ‘स’ स्वच्छ झाले होते. मुलीला निरोप देण्याच्या प्रवेशात बायका रडल्या म्हणे. आशाबाईला ते पटले नाही. “पैसे देऊन रडाले कोण जाते, बाई? मले तं दात होते तेव्हाच बरा वाटे. अंधारातही ओळखू ये.” लटारू तिच्याकडे पाहून म्हणाला, “आता ओळखत नाई काय वं?” आणि व्हरांड्यातली सगळी मंडळी हसली.

चंदाचे काम ८६ च्या मार्चमध्ये संपले. डॉक्टरांनी सांगितले, दात जागेवर आले, पण हाड त्यांना घट्ट धरेपर्यंत वर्षभर तरी रोज रात्री प्लेट घालायची. दिवसा गरज नाही. लटारूचे अजून बरेच बाकी होते. मोठ्या माणसाचे काम लांबते, आणि मधल्या त्या महिन्याने आणखी लांबले होते.

एप्रिलमध्ये बापाबरोबर ती नुसतीच आली, तर दिवसाच्या उजेडात तिच्या दातांवर तार होती. डॉक्टरांनी विचारले, “दिवसा कशाला घालतेस? मी फक्त रात्री सांगितली होती.”

“बाबाचं सरलं नाई ना अजून.”

“काढ वं बाई,” लटारू ओशाळून म्हणाला. “गावात लोकं मले विचारतेत, तुह्यी पोरगी पास झाली अन् तू कसा नापास.”

“ठरलं होतं,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी तपासले, त्याने काही बिघडत नव्हते. म्हणाले, घालू दे. ती उन्हाळाभर दिवसाही प्लेट घालून हिंडली, आंब्याच्या दिवसांतसुद्धा. जूनमध्ये तिचे नाव गडचिरोलीच्या वसतिगृहात घातले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी लटारू एकटाच आला. बाहेर गर्दी होती, त्याचा नंबर मागे होता. मी चंदाची चौकशी केली.

“खुशाल हाये, बाई. भाषणात नंबर आला म्हणते. मागच्या रविवारी भेटाले गेलो होतो तं तोंडात प्लेट नव्हती. मी विचारलं तं म्हणे, अरे, इसरलीच मी. तिच्या आता ध्यानातच नाई राहत.”

“रात्री घालते ना?”

“रात्री घालते. वार्डनबाईले विचारून आलो.”

“मग झालं,” मी म्हटले, आणि पलीकडच्या बाईला प्लेट कशाने धुवायची ते सांगायला वळले.